फिलॉइड्सची गाठ : माझा अनुभव

डाव्या स्तनात गाठ लागली तेव्हा मी बेचाळीसची होते. सोनोग्राफी झाली, एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून केलेली तपासणी) झाली, दोन्हींत एकच उत्तर आलं : फायब्रोएडेनोमा. साधी गाठ, लक्ष ठेवा. लक्ष ठेवलं, तर काही महिन्यांतच ती लिंबाएवढी झाली. नागपूरच्या धंतोलीतल्या एका सर्जनांनी तारीखही दिली. सकाळी काढू, संध्याकाळी घरी.

माझ्या जाऊबाई सिस्टर आहेत. त्यांनी सगळे रिपोर्ट पुन्हा चाळले आणि म्हणाल्या, "इतकी भरभर वाढली, तर ट्रू-कट काहून नाही केली? आधी ते करून घे, मग हात लावू दे." ट्रू-कट म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढून केलेली बायोप्सी. त्यांच्या या एका वाक्याचं मोल मला नंतर कळलं.

दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं. एफएनएसीच्या बारीक सुईत सुट्या पेशी येतात. फिलॉइड्स नावाच्या दुर्मिळ गाठीचा आजार मात्र पेशींना धरून ठेवणाऱ्या उतीत असतो, म्हणून जाड सुईने उतीचा तुकडाच काढावा लागतो. स्तनाच्या सगळ्या गाठींत ही गाठ शंभरात एकही नसते आणि दिसते हुबेहूब फायब्रोएडेनोमासारखी. ट्रू-कटचा रिपोर्टसुद्धा ठाम नव्हता. 'फिलॉइड्सची शक्यता', एवढंच. पण तेवढ्याने ऑपरेशन बदललं. नुसती गाठ सोलून काढली तर कडेला राहिलेल्या अंशातून ती पुन्हा उगवते. म्हणून भोवतीची एक सेंटिमीटर चांगली उतीही काढायची ठरली. काखेतल्या लसग्रंथींना (लिम्फ नोड) हात लावला नाही, कारण हा आजार पसरलाच तर बहुधा रक्तातून फुफ्फुसांत जातो. त्यासाठी छातीचा सीटी काढला. तो स्वच्छ होता.

ऑपरेशननंतर गाठीची बरणी लॅबमध्ये न्यायचं काम आमच्या ह्यांच्याकडे आलं. फॉर्मेलिनमध्ये बुडलेल्या त्या तुकड्याला दोन टाके घातले होते : आखूड धागा वरच्या बाजूला, लांब धागा काखेच्या बाजूला. कुठली कड कुठली हे पॅथॉलॉजिस्टला त्यावरूनच कळतं. मॅडमनी ते फॉर्मवर लिहिलं होतं, तरी ह्यांनी काउंटरवर तोंडीही सांगितलं.

रिपोर्ट आला : बॉर्डरलाइन. साधी, बॉर्डरलाइन आणि घातक अशा तीन पायऱ्यांतली मधली. आणि छातीच्या स्नायूकडची कड फारच जवळ. ती रात्र फार वाईट गेली. पुन्हा भूल, पुन्हा टाके, या विचाराने मी रडले. स्लाइड आणि ब्लॉक (गाठीचे मेणात बसवलेले तुकडे) लॅबमधून मागून घेतले, कॅन्सर रुग्णालयातल्या पॅथॉलॉजिस्टना दाखवले. त्यांचंही मत तेच पडलं, म्हणून दुसरं ऑपरेशन केलं. या वेळी कडा मोकळ्या आल्या, म्हणजे कडेला गाठीचा अंश नव्हता.

मग ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या बैठकीपुढे, माझी केस गेली. केमो नाही. हार्मोनच्या गोळ्यांचा या गाठीवर उपयोग नसतो, त्यामुळे त्याही नाहीत. रेडिएशनवर बरीच चर्चा झाली. कडा मोकळ्या असल्याने सध्या नको, असं ठरलं.

आता दर सहा महिन्यांनी तपासणी आणि सोनोग्राफी असते. गाठ परत यायची तर बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, म्हणून एकही तारीख चुकवायची नाही, असं मॅडमनी बजावलंय. ब्लॉकचा डबा मी घरी कपाटात जपून ठेवलाय. पुढे कुठल्याही डॉक्टरांना लागला, तर तोच दाखवायचा आहे. आमच्या भागात कुणी 'साधीच गाठ आहे, पण वाढतेय' म्हणालं, की मी आधी एवढंच विचारते : ट्रू-कट झाली का?