पुणे ते रत्नागिरी सायकलवर: आधी रस्ता कुणाचा ते बघा, मग तक्रार करा

आधीच सांगतो, यात सूर्यास्ताचे फोटो नाहीत आणि उकडीच्या मोदकांचं वर्णन पण नाही. ताम्हिणी, माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याची फेरीबोट, वेश्वी, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, धोपावे, गुहागर, तवसाळ, जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी असा पाच दिवसांचा रूट होता. झाले सहा, आणि सहावा का लागला तेच लिहायचंय. पहिले दोन दिवस मस्त गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

निघण्याआधी ग्रुपवर विचारलं होतं रस्ता कसाय म्हणून, तर दोघांनी लिहिलं "मक्खन, सगळं नवीन डांबर". दोघंही कारने गेले होते हे नंतर कळलं. कारवाल्याला रस्त्याचा मधला भाग तेवढा दिसतो, आपण चालवतो त्या कडेच्या दीड फुटाचं त्याला काही माहीत नसतं. आता कुणी "रस्ता टकाटक" म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारतो, कशावर बसून गेला होतास?

तर तो पट्टा. फेरीने एक खाडी ओलांडल्यावर पुढे कुठेतरी, गावाचं नाव लिहीत नाही कारण तक्रार अजून चालू आहे आणि तिथल्या लोकांशी माझं काही वाकडं नाही. डांबर खरंच नवीन होतं. पण डाव्या कडेला, डांबराच्या आतच, नळपाणी योजनेच्या पाइपासाठी चर खणलेला आणि वरून नुसती लाल माती लोटलेली. पावसाळ्यात माती खाली बसली आणि राहिली एक वीत रुंद, चार बोटं खोल अशी सरळ खाच. रस्त्याला आडवी असती तर एक दणका बसला असता आणि शिव्या देऊन पुढे गेलो असतो. ही चाकाला समांतर. संध्याकाळचे पाच, काजूच्या झाडांची सावली, मागून डंपर आला म्हणून मी कडेला सरकलो आणि पुढचं २८ मिमी रुंदीचं बारीक टायर त्यात असं बसलं जसं रेल्वेचं चाक रुळावर बसतं. हँडल वळेना. मी उजव्या कोपरावर, सायकल माझ्यावर. डंपर थांबला नाही. एक काकू गवताचा भारा घेऊन चालल्या होत्या, त्या म्हणाल्या "पडलात काय? परवा आमचा दूधवाला पण हितंच पडला." म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं.

कोपर सोललं, पुढची रिम वाकली, ब्रेकला घासायला लागली. बरोबरच्या मित्राने मागे जाऊन पावलं मोजली, २४० भरली. तेवढा सगळा चर उघडा, मध्ये फक्त एका घरासमोर कुणीतरी स्वतःच्या खर्चाने दोन पाट्या काँक्रीट टाकलेलं.

मग पिकअपवाला. १४ किमी तालुक्याच्या गावापर्यंत, १८०० रुपये. रात्र होत होती, त्याला कळलं होतं की मला पर्याय नाही. तिथल्या सायकल दुकानात एका म्हाताऱ्या काकांनी अर्धा तास आऱ्या आवळून रिम सरळ केली, घेतले १५० आणि वर कोपराला लावायला हळद दिली. तर सल्ला असा की दोन जास्तीचे स्पोक (आऱ्या) आणि ते आवळायची स्पोक की बरोबर ठेवाच, आणि पिकअप सांगायचा असेल तर रस्त्यावर हात करून थांबवू नका, आधी गावातल्या किराणा दुकानात भाडं किती पडतं विचारा. भाडं अर्धं होतं.

दुसऱ्या दिवशी कोपर दुखत होतं म्हणून चालवायचं रद्द केलं आणि डोकं फिरलेलं होतं म्हणून तक्रार करायला निघालो. ग्रामपंचायतीत सांगितलं पाइप आमच्या गावासाठीच आहे पण योजना जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाची, रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा. बांधकाम उपविभागात सांगितलं हा रस्ता आमच्याकडे नाहीच, जिल्हा परिषदेकडे आहे. जिल्हा परिषदेच्या बांधकामवाल्यांनी मान्य केलं की रस्ता आमचा, पण खोदला पाणीपुरवठ्याच्या ठेकेदाराने, पूर्ववत त्यानेच करायचा, आणि साहेब साइटवर आहेत. सगळे बोलायला चांगले होते हो, चहा तीन ठिकाणी मिळाला, पोच एकाही ठिकाणी नाही. मी तोंडी सांगत फिरत होतो हीच चूक. तोंडी तक्रार म्हणजे चहाबरोबर संपली.

शहाणपणा आला तो दुपारी. परत येताना एका मोरीवर दोन मैलकुली, म्हणजे रस्ता दुरुस्तीवरचे मजूर, खड्डे बुजवत होते, त्यांच्याशी बोलत बसलो. त्यातला थोरला म्हणाला, दगड बघितलात का? नव्हता बघितला. इतकी वर्षं सायकल चालवतोय, किलोमीटरच्या दगडाकडे फक्त अजून किती राहिलं यासाठी बघितलं. दगडाच्या डोक्याचा रंगच सांगतो रस्ता कुणाचा: पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य मार्ग, काळा बहुतेक जिल्हा मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेचा. आपल्याकडे राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. नगरपंचायतीच्या हद्दीत शिरलात की गल्लीबोळ तिचे, पण गावातून जाणारा मुख्य रस्ता पुष्कळदा बांधकाम खात्याचाच राहतो, त्यामुळे नगरपंचायतीत जाऊन भांडू नका, मी भांडलेलो आहे, पूर्वी, दुसरीकडे.

आणि किलोमीटरच्या दोन दगडांच्या मध्ये दर २०० मीटरला छोटे दगड असतात, त्यावर २, ४, ६, ८ लिहिलेलं. म्हणजे ७ च्या दगडानंतर ४ चा छोटा दगड असेल तर जागा झाली किमी ७/४००. ऑफिसातल्या लोकांना ही भाषा कळते. मी मोबाइलवर पिन दाखवत होतो तर तो बिचारा बाबू झूम करून करून वैतागला, गावात रेंज नाही, पिन शेजारच्या वाडीत जाऊन पडलेली. "अमुक ते तमुक रस्ता, किमी ७/४०० ते ७/६००, डावी बाजू" असं लिहिलं की साहेब साइटवर असो नाहीतर घरी, त्याला जागा डोळ्यासमोर येते. छोटे दगड बऱ्याच ठिकाणी गवतात गडप झालेत, उतरून शोधावे लागतात. शोधा.

त्या दिवशी संध्याकाळी लॉजवर बसून हाताने अर्ज लिहिला, झेरॉक्स काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. आवक टेबलावर एक प्रत दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. दहा मिनिटं. आदल्या दिवशीचे सहा तास अक्षरशः वाया.

अर्जात तुमची कहाणी लिहू नका, माझी पहिली दोन पानं झाली होती, मित्राने फाडली. रस्ता कोणता, किमी किती, लांबी रुंदी खोली, कडेला आहे की मध्ये, रस्त्याला समांतर आहे की आडवा, आणि दुचाकी व सायकलचं चाक अडकतं हे स्पष्ट शब्दांत. "खड्डा" एवढंच लिहिलंत तर ते खड्डा शोधतात, मोठा दिसला नाही की फाइल बंद. फोटोत शेजारी पाण्याची बाटली उभी करा म्हणजे खोली कळते. चर असेल तर खोदाईची परवानगी कुणी दिली आणि रस्ता पूर्ववत करायची अनामत घेतली होती का हे विचाराच. हा प्रश्न लिहिला की टोन बदलतो, स्वतः बघितलंय. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत, त्यात परवानगीची प्रत आणि दोषदायित्व कालावधी किती आहे ते मागा. रस्ता त्या कालावधीत असेल तर ठेकेदाराला फुकट दुरुस्त करावा लागतो. ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर तर बोर्डच असतो, ठेकेदाराचं नाव आणि पाच वर्षं देखभाल कुणाकडे ते लिहिलेलं, त्याचा फोटो काढला की अर्धं काम झालं, आणि त्या रस्त्यांसाठी 'मेरी सडक' ॲप आहे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३. बाकीचं 'आपले सरकार' पोर्टलवर टाका पण पोच घेतलेल्या कागदाचा फोटो जोडून, नुसती ऑनलाइन टाकली तर "संबंधित विभागाकडे वर्ग" असं उत्तर येतं आणि ती वर्गातच बसून राहते.

वकील मित्राने अजून एक सुचवलं. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख आणि दुखापत झाली तर ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलंय, त्याचा एक ओळीत उल्लेख कर म्हणाला. केला. माझं कोपर काही ५० हजारांचं नाही, पण वाचणाऱ्याने वाचलं पाहिजे.

वेळ पण महत्त्वाची. जूनमध्ये तक्रार करून उपयोग शून्य, पावसात डांबर पडत नाही, फार तर खडी मुरूम टाकतात आणि तो पहिल्या सरीत वाहून जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला कामं निघतात आणि मार्चअखेर पैसे संपवायचे असतात, त्या मधल्या काळात अर्ज आत गेला पाहिजे. मी जानेवारीत दिला, उशीरच म्हणायचा.

बाकी रूटवर जे दिसलं ते भराभर. हर्णै बंदराजवळ मासळीच्या गाड्यांमधून पाणी सांडतं, उतारावर ब्रेक दाबाल तर गेलात. सावलीतल्या काँक्रीटच्या चढांवर शेवाळ जानेवारीतही होतं. काँक्रीट रस्त्याची कड आणि साइडपट्टी यात वीतभर उंचीचा फरक, कुणी हॉर्न दिला तरी खाली उतरू नका, त्याला थांबू दे. गावातल्या गटारांच्या जाळ्या बघा, गज रस्त्याला समांतर असतील तर चाक आत जातं, अशी एक जाळी मी एका ग्रामपंचायतीत पोच घेऊन कळवली आणि तिथल्या सरपंच ताईंनी त्याच दिवशी वेल्डरला बोलावून आडव्या पट्ट्या मारून घेतल्या. पाच हजार लोकांच्या गावात हे होतं, आणि मी पुण्यात माझ्या गल्लीतल्या जाळीची तक्रार तीन वेळा केलीय. असो. रम्बलरच्या पट्ट्यांवर (गाड्यांचा वेग कमी करायला टाकलेले बारीक उंचवटे) हात दुखत असतील तर रडू येतं, त्याची तक्रार करण्यात अर्थ नाही, त्या मुद्दाम टाकलेल्या असतात. फेऱ्यांचा काही त्रास नाही, सायकल घेतात, पण शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशी फोन करून विचारा.

गणपतीपुळे ते रत्नागिरी रस्त्यावरचा आरे-वारेचा उतार छान आहे. बस, एवढंच.

परतीला रत्नागिरीहून रात्रीची ट्रॅव्हल्स केली. बुकिंगला सायकलचे ३०० म्हणाले, डिकी उघडल्यावर ८०० झाले, रात्री साडेनऊला हायवेच्या कडेला उभं राहून काय घासाघीस करणार. दर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, आणि चाकं काढून पिशवीत घातलेली सायकल दाखवा, उभी सायकल बघितली की भाव वाढतो.

चराचं म्हणाल तर अर्जानंतर २६ दिवसांनी शाखा अभियंत्याचा फोन आला, काम झालं म्हणून फोटो पण पाठवला. किमी ७/४०० पासून अंदाजे ऐंशी पावलं काँक्रीट भरलंय, नीट भरलंय. पुढची एकशे साठ अजून तशीच. मी पहिल्या पोचेचा आवक क्रमांक टाकून दुसरं पत्र पोस्टाने पाठवलंय. तोपर्यंत जाणार असाल तर काजूच्या बागेनंतर डावी कड सोडा, डंपर कितीही हॉर्न देऊ दे.