मुंबईपेक्षा अमेरिका जवळ

कोल्हापुरातल्या आमच्या मंगळवार पेठेत अंतर किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही. पन्हाळा पाऊण तासावर असतो आणि पुणं ‘सकाळी लवकर निघालास तर जेवायला’. त्यामुळं शेजारच्या काकूंचा मुलगा न्यू जर्सीला निघाला तेव्हा मी कौतुकानं सांगितलं, ‘‘मुंबईपासून साडेबारा हजार किलोमीटर!’’ काकू म्हणाल्या, ‘‘ते ऱ्हाऊ दे. पोचतोय कवा?’’

तिकीट त्यांनीच वाचलं. मुंबईहून मध्यरात्री दोनला, तिथं सकाळी साडेआठला, तारीख तीच. ‘‘म्हंजे साडेसहा तास! आणि आपली महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रभर चालती मुंबईला. मुंबईपेक्षा अमेरिका जवळ की रे!’’

तिकिटावर ज्या त्या गावची वेळ छापतात, हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. तिथलं घड्याळ आपल्यामागं उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. खरा प्रवास सोळा तासांच्या आसपास.

बरं, सोळाच का? मोठं जेट विमान ताशी 900 किलोमीटरनं जातं. भागाकार केला तर चौदा तास येतात. पण वर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो. अमेरिकेला जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून येणं तास-दीड तासानं लवकर होतं. अंतर तेच, विमानही तेच.

वाटही आपण समजतो ती नव्हे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, तो उत्तरेला चढत पार आइसलँडच्या शेजारापर्यंत जातो आणि मग खाली उतरतो. जवळची वाट तीच. अर्थात विमानं ती तंतोतंत पाळत नाहीत. वारा बघतात, शिवाय खालचा देश वरून जाऊ देतो का तेही बघावं लागतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना चांगलाच वळसा पडला. साडेबारा हजार हा आकडा मला तेव्हापासून जरा पोकळ वाटतो.

खरी गंमत आपल्या उजळाईवाडीची. 1939 साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला हा विमानतळ. इथून मुंबई सरळ रेषेत जेमतेम तीनशे किलोमीटर. नऊशेच्या वेगानं वीस मिनिटं व्हायला हवीत, पण वेळापत्रकात तासभर धरलेला असतो. लहान पल्ल्यात चढण्या-उतरण्यातच निम्मा वेळ जातो, आणि मुंबईच्या आकाशात उतरायला नंबर लागला की घिरट्या. त्यात आधी येऊन थांबायचं, तपासणी, मग बॅगेची वाट. वेग वाढला तसं थांबणंही वाढलं, असं माझं मत.

आता काकू स्वतः निघाल्यात, सूनबाईच्या बाळंतपणाला. मी म्हटलं, ‘‘मुंबईपर्यंत विमानानंच जावा की, तासाचं काम.’’

‘‘तासासाठी पंधरा किलोतच बसवा म्हणत्यात. नुसता कांदा-लसूण मसालाच चार किलो हाय,’’ काकू म्हणाल्या. ‘‘महालक्ष्मीचं तिकीट काढ. खालचा बर्थ बघ.’’