भुवईवरच्या दोन सुया

पीआरपीच्या, म्हणजे केसगळतीसाठी टाळूत टोचायच्या प्लेटलेट-रिच प्लाझ्माच्या, पहिल्या सिटिंगनंतर मी रिक्षात बसले आणि घर येईपर्यंत रडत होते. मुलगी 3 वर्षांची झाली तरी माझा भांग रुंदच होत चालला होता, म्हणून डॉक्टरांनी औषधासोबत हे सुचवलं होतं. आपलंच रक्त काढायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वर येणारा पिवळसर प्लाझ्मा बारीक सुईने टाळूत टोचायचा. केसांच्या मुळांना चालना मिळावी म्हणून ज्या हव्या असतात त्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, त्यातच असतात. महिन्याच्या अंतराने 3-4 वेळा. "मुंगी चावल्यासारखं वाटेल," असं सांगितलं होतं.

मुंगी नव्हती ती. केसांवर बधिर करणारं मलम थापलं आणि 10-12 मिनिटांत सुरुवात झाली. सुई टोचते ते एक वेळ सोसवतं, पण नंतर आत जाणारा द्राव जळजळत पसरतो, ते सोसवत नाही. टाळूची कातडी हाडावर घट्ट ताणलेली, द्रावाला सरकायला जागाच नाही. मी 40 पर्यंत टोचे मोजले, मग मोजणं सोडलं. थांबा म्हटलं तर उत्तर आलं, "सुंदर दिसायचंय ना, मग थोडं सहन करा." दुखण्याइतकंच ते वाक्यही लागलं. केस जाणं हा माझ्यासाठी हौसेचा विषय नव्हता.

पुढची सिटिंग रद्द करणार होते. माझी मावसबहीण भूलतज्ज्ञ आहे. तिला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "मलम किती वेळ ठेवलं होतं?" लिग्नोकेन आणि प्रिलोकेन या भुलेच्या औषधांचं ते मलम कातडीत मुरायला पाऊण ते एक तास लागतो, वरून प्लॅस्टिकने झाकावं लागतं. टाळूवर बरंचसं केसांनाच लागून राहतं. "आणि ब्लॉक दिला नाही?" ब्लॉक, म्हणजे नसेपाशीच भुलेचं इंजेक्शन देऊन तिचा सगळा भाग बधिर करणं. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या सिटिंगला दवाखाना बदलला. वेळ ठरवतानाच विचारलं की भूल कशी देता. त्या डॉक्टरबाईंना प्रश्नाचा राग आला नाही, उलट त्यांनी माझं वजन विचारून घेतलं, कारण लिग्नोकेन किती द्यायचं ते वजनावर ठरतं. पूर्वी कधी भुलेच्या औषधाची ॲलर्जी आली होती का, हेही विचारलं. उपाशी येऊ नका, पाणी भरपूर प्या, म्हणाल्या. पहिल्या वेळी मी रिकाम्या पोटी गेले होते आणि रक्त काढतानाच डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

कपाळाला आणि टाळूच्या पुढच्या भागाला संवेदना देणाऱ्या नसा भुवईच्या हाडापाशी वर येतात. तिथेच, दोन्ही भुवयांवर एकेक सुई. आधी मिनिटभर बर्फ धरला. लिग्नोकेन मुळात आम्लधर्मी, म्हणून झोंबतं. त्यात आम्लपणा कमी करणारं थोडं सोडाबायकार्ब मिसळलं होतं आणि ते अगदी सावकाश सोडलं. त्या दोन सुया दुखल्या, हे लपवत नाही. पण पाच-सात मिनिटांत कपाळ लाकडासारखं झालं. भूल अशी दूरवर दिली की ती प्लाझ्मात मिसळत नाही, हाही त्यांचा एक हेतू होता.

मग टाळूवर सुया सुरू झाल्या आणि मला फक्त दाब कळत होता. इन्सुलिनची बारीक सिरिंज होती, थोड्या टोच्यांनंतर त्या ती बदलत होत्या, कारण सुई बोथट झाली की जास्त दुखते. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. पहिल्या ठिकाणी सुई एकदाही बदललेली मला आठवत नाही.

डोक्याच्या मागच्या बाजूला मात्र भुवईवरच्या ब्लॉकचा उपयोग नाही, तिथल्या नसा मानेकडून येतात. त्यामुळे शेंडीच्या जागी पुन्हा दुखू लागलं. तिथे नर्सताईंनी सुईशेजारी छोटं थरथरणारं यंत्र टेकवलं. कुठे लागलं की आपण ती जागा चोळतो, तसंच हे. स्पर्शाची आणि थरथरीची जाणीव दुखण्याच्या संदेशाला मज्जारज्जूतच अडवते. मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी 1965 मध्ये मांडलेला हा विचार डॉक्टरबाईंनी मला टोचता टोचता समजावला. बोलण्यात लक्ष गुंतलं, त्याचाही फायदा झालाच. बोट वर केलं की त्या थांबत होत्या. मी दोनदाच वर केलं.

संध्याकाळी भूल उतरल्यावर डोकं ठणकलं. पहिल्या वेळी मी घरातली नेहमीची आयब्युप्रोफेनची गोळी घेतली होती. या वेळी तशी गोळी नको म्हणून बजावलं होतं, कारण ती प्लेटलेट्सच्याच कामात अडथळा आणते. पॅरासिटामॉलवर भागलं. दुसऱ्या दिवशी कपाळावर थोडी सूज आली, तिची कल्पना आधीच दिलेली असल्याने घाबरले नाही.

तिसरी सिटिंग गेल्या आठवड्यात झाली. चौथीला डोक्याच्या मागेही ब्लॉक देऊ का, असं त्यांनी विचारलं. मी लगेच हो म्हटलं.