पहिलं ड्रेसिंग

परवा हायड्रोसिलचं, म्हणजे अंडकोषाभोवती साचलेल्या पाण्याचं, ऑपरेशन झालं. ऑफिसवाल्यांनो, मी हर्निया सांगितलं होतं, ती थाप होती. माफ करा.

आज पहिलं ड्रेसिंग. वर्तकनगरहून नौपाड्याला रिक्षाने निघालो. ‘दादा, खड्डे बघून चालवा, टाके आहेत.’ त्याने आरशातून पाहिलं, ‘अपेंडिक्स?’ मी म्हटलं, हो.

गॉज सुकलेल्या रक्ताने घट्ट चिकटलेलं. वाटलं, आता हा ओढणार. पण ब्रदरने त्यावर सलाइन ओतलं, भिजू दिलं आणि कडेकडेने अलगद सोडवलं. खाली पाहिलं तर भरताचं वांगं! रंगानेसुद्धा. तोंडचं पाणीच पळालं. डॉक्टर शांत. म्हणाले, तिथली कातडी सैल असते, रक्त-पाणी साचायला जागा भरपूर. सूज उतरायला काही आठवडे लागतात. टाके विरघळणारे आहेत, काढायचे नाहीत. मात्र ताप आला, पू दिसला किंवा सूज एकदम वाढली, तर मध्यरात्री का असेना, यायचं.

बाकी सपोर्टर घालायचा, जखम कोरडी ठेवायची, वजन उचलायचं नाही. झोपताना खाली टॉवेलची घडी. बायकोने त्यासाठी माझा जिमचा टॉवेल काढला. म्हणाली, ‘वापरला तरी जाईल एकदाचा.’