भट्टीत फुगलेला रथ

रोम बघायला आलेल्या माणसाचा सगळा वेळ संगमरवरातच जातो. कोलोसियम, फोरम, पँथिऑन, व्हॅटिकन... तिसऱ्या दिवशी बस फ्लॉरेन्सच्या रस्त्याला लागते. मी इथे परवानाधारक गाईड म्हणून काम करते आणि मराठी मंडळी आली की माझी धडपड असते ती त्याआधीचं रोम दाखवण्याची. माती, लाकूड आणि टफ नावाचा ठिसूळ ज्वालामुखी दगड यांनी बांधलेलं, राजांच्या काळातलं रोम. त्याची देवळं एट्रुस्कन, म्हणजे रोमच्या उत्तरेला राहणाऱ्या प्राचीन लोकांच्या, पद्धतीची होती आणि मूर्ती घडवणारे हातही बऱ्याचदा तिकडचेच. सहलीच्या वेळापत्रकात त्याला जागा नसते, म्हणून मोकळी दुपार दिसली की मी ती पकडते.

गेल्या नोव्हेंबरात अशी एक दुपार हाती लागली. पाऊस होता. गटातले बहुतेक जण खरेदीला गेले, चार-पाच जण माझ्याबरोबर निघाले. त्यांत पेणचे एक मूर्तिकार होते, साठी ओलांडलेले, आणि त्यांच्या पत्नी. घरात तीन पिढ्यांचा गणपतीचा कारखाना. मुलाने हौसेने आईवडिलांना युरोपला धाडलं होतं.

काका तोवर फारसे बोलले नव्हते. सकाळी कॅपिटोलाइन संग्रहालयात मी ज्युपिटर या रोमनांच्या मुख्य देवाच्या देवळाचा पाया दाखवला तेव्हाही गप्पच होते. त्या पायाजवळ मी नेहमी जास्त वेळ थांबते. काँक्रीटचा पत्ता नसलेल्या काळात करड्या टफचे ठोकळे एकावर एक रचून केलेला हा चौथरा सुमारे ६० मीटर लांब आणि ५० मीटरहून जास्त रुंद होता. वर शेजारी शेजारी तीन गाभारे: मधला ज्युपिटरचा, दोन्ही बाजूंना जूनो आणि मिनर्व्हा. पायऱ्या फक्त पुढून, पुढे खांबांचा खोल मंडप. ग्रीक देवळाला चहूबाजूंनी जाता येतं, ह्याला समोरूनच जायचं. परंपरा सांगते की राजांनी ते बांधलं आणि इ.स.पू. ५०९ मध्ये, राजाला हाकलून दिल्यावर, नव्या प्रजासत्ताकाने त्याची प्रतिष्ठापना केली.

काकांनी पहिला प्रश्न विचारला तो लांडगीपाशी. रोमचे संस्थापक मानल्या गेलेल्या रोम्युलस-रीमस या जुळ्यांना दूध पाजणारी ही काशाची लांडगी पिढ्यान् पिढ्या एट्रुस्कन म्हणून, इ.स.पू. पाचव्या शतकातली म्हणून, शाळेच्या पुस्तकांत छापली गेली. तिच्याखालची बाळं पंधराव्या शतकात जोडली हे आधीपासून माहीत होतं. पण लांडगीची दुरुस्ती करणाऱ्या आन्ना मारिया कारुबा यांनी २००६ मध्ये थेट तिच्या वयावरच बोट ठेवलं. प्राचीन कारागीर मोठी मूर्ती तुकड्यांत ओतून मग जोडत. ही लांडगी एकसंध ओतलेली आहे, आणि ती पद्धत मध्ययुगातली. पुढे रेडिओकार्बन चाचण्यांनीही अकराव्या-बाराव्या शतकाकडे बोट दाखवलं. सगळे अभ्यासक अजून एकमताचे नाहीत. काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, म्हणजे तारीख सांध्यावरून कळली?”

“हो काका, सांधा नाही म्हणून कळली.”

त्यांनी मान डोलावली. दुपारी ते यायला का तयार झाले असावेत, हे मला तेव्हा समजलं.

व्हिला जुलिया हा पोप तिसऱ्या जुलियसचा सोळाव्या शतकातला बागबंगला. १८८९ पासून तिथे एट्रुस्कन संग्रहालय आहे. आम्ही आधी नवराबायकोच्या शवपेटीकडे गेलो. १८८१ मध्ये चेर्वेतेरी या जुन्या एट्रुस्कन गावाच्या दफनभूमीत ती सुमारे ४०० तुकड्यांत सापडली. इ.स.पू. ५३० ते ५२० च्या सुमाराची, भाजलेल्या मातीची, जवळजवळ दोन मीटर लांब. मेजवानीच्या दिवाणावर दोघं लवंडलेली आहेत. त्याचा हात तिच्या खांद्यावर, चेहऱ्यावर हसू, आणि तिचे हात काहीतरी देत-घेत असल्यासारखे पुढे आलेले. एट्रुस्कन बायका पंगतीला नवऱ्याच्या बरोबरीने बसतात, याचा ग्रीक लेखकांना केवढा राग यायचा ते मी सांगत होते. काकू पुढे झाल्या. “किती ऐटीत बसलीय बघा! केसांच्या बटा बघा, टोपी बघा. ही काही दबून राहणारी बाई नव्हे.” गटातल्या दुसऱ्या एका बाईंनीही लगेच दुजोरा दिला.

काका मात्र कमरेच्या उंचीला वाकून पेटीच्या मधोमध बघत होते. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले. हात लावायचा नाही हे सांगावं लागलं नाही, पण ते हात मोकळे ठेवणं त्यांना जड जात होतं.

“ही मधून कापलीय,” ते म्हणाले. “फुटलेली नाही. ओली असताना तारेने कापलीय.”

बरोबर होतं. झाकण दोन भागांत, पेटी दोन भागांत, असे चार भाग वेगवेगळे भाजून मग जुळवले आहेत. एवढा ऐवज एकसंध भट्टीत घालणं म्हणजे तडा मागून घेणं. वाळताना आणि भाजताना माती आटते. जाड जागी सावकाश, पातळ जागी लवकर. आत ओल राहिली तर तिची वाफ भिंत फोडून बाहेर पडते. हे मी पाहुण्यांना नेहमी सांगते, पण त्या दिवशी मला सांगावं लागलं नाही. काकाच बाकीच्यांना समजावत होते, आणि मी ऐकत होते.

मग अपोलो. रोमच्या उत्तरेला असलेल्या वेई या एट्रुस्कन शहरातल्या पोर्तोनाच्चो देवळाचा हा देव, १९१६ साली जूलिओ क्विरिनो जिल्योली यांच्या उत्खननात निघालेला. उंची सुमारे १.८ मीटर, इ.स.पू. ५१० ते ५०० च्या आसपासचा. देवळाच्या आढ्यावर, जमिनीपासून सुमारे १२ मीटर उंचीवर, मूर्तींची रांगच होती. पवित्र हरिणीवरून हर्क्युलिसशी भांडायला अपोलो तावातावाने पुढे येतो आहे. अंग तांबूस, अंगरख्याच्या चुण्या पोटऱ्यांना चिकटलेल्या, ओठांवर हसू आणि ते हसू अजिबात प्रेमळ नाही. मला स्वतःला रोममधल्या सगळ्या मूर्तींमध्ये ही सर्वांत जिवंत वाटते. कितीही वेळा समोर उभी राहिले तरी ती माझ्याच अंगावर चालून येते.

काकांनी तिच्याभोवती एक सावकाश फेरी मारली. दोन पायांच्या मध्ये वेलबुट्टीसारखी वळणदार नक्षी आहे, तिच्यापाशी थांबले.

“ही नक्षी नाही, टेकू आहे,” ते म्हणाले. “धड जड, घोटे बारीक, आणि पाऊल पुढे टाकलेलं. ओली माती असती तर खाली बसली असती. पाय आधी घट्ट होऊ दिले असणार, मग त्यावर धड चढवलं. आतून पोकळ आहे ना?”

“पोकळच आहे.”

“आणि मातीत काय घातलंय? आम्ही मोठ्या मूर्तीला काथ्या घालतो.”

मी त्यांना सांगितलं की वेईची जमीन ज्वालामुखीच्या राखेची, आणि तिथले कारागीर मातीत ज्वालामुखी खडकाचे बारीक कण मिसळत. त्याने माती कमी आटते, तडा कमी जातो. काकांनी चष्मा पुसून जिथे रंग उडालाय तिथे काळे ठिपके शोधले, आणि सापडल्यावर काकूंना हाक मारली.

“आमची मूर्ती विरघळायची असते,” ते म्हणाले. “ह्यांना ती पावसात उभी करायची होती.”

या मूर्तीच्या कर्त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. पण वेईच्या एका मूर्तिकाराचं नाव टिकलं आहे: वुल्का. रोमच्या राजाने त्याला कॅपिटोलाइन देवळातली ज्युपिटरची मूर्ती घडवायला बोलावलं, असं प्लिनी हा रोमन लेखक लिहितो. मूर्ती मातीची होती, म्हणून तिला हिंगूळ लावत असत. हिंगूळ म्हटल्यावर काकांनी माझ्याकडे झटकन वळून पाहिलं. “रोज?” सणावारी, मी म्हटलं. देवाचं तोंड हिंगुळाने रंगवल्याचे उल्लेख आहेत.

आणि मग मी रथाची गोष्ट सांगितली. ती प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने सांगितलेली आहे. शेवटचा राजा तार्क्विन याने देवळाच्या शिखरासाठी वेईच्या कारागिरांकडे चार घोड्यांचा मातीचा रथ करायला दिला. तेवढ्यात त्याची गादी गेली. रथ भट्टीत घातला, तर तो आटण्याऐवजी फुगू लागला, इतका की भट्टीचं छप्पर आणि भिंती उतरवून बाहेर काढावा लागला. ज्याच्याकडे हा रथ राहील त्याची भरभराट होईल, असं शकुन जाणणाऱ्यांनी सांगितलं. वेईवाले म्हणाले, काम राजाचं होतं, त्याला हाकलणाऱ्यांना रथ मिळणार नाही. पुढे वेईतल्या शर्यतीत जिंकलेल्या रथाचे घोडे उधळले आणि सारथ्याला घेऊन थेट रोमच्या वेशीपर्यंत धावत सुटले. तेव्हा घाबरून त्यांनी रथ देऊन टाकला.

ही गोष्ट मी आजवर चमत्कार म्हणून सांगत आले आणि लोक ती चमत्कार म्हणून ऐकत आले. काका मात्र मध्येच थांबवून म्हणाले, “ताई, ही गोष्ट कुंभाराने रचलीय.”

“कशावरून?”

“दुसऱ्या कोणाला फुगण्याचं नवल वाटलं नसतं. माझ्या मेव्हण्याची वीटभट्टी आहे. आच जास्त लागली की वीट फुगते, वाकडी होते, काळी पडते. तिला आम्ही खंगर म्हणतो आणि बाजूला टाकतो. फुगलेला माल म्हणजे वाया गेलेला माल. रथ फुगला आणि तरी घोडे शाबूत, चाकं शाबूत? हे देवाशिवाय होत नाही, असं भट्टीवरचा माणूसच म्हणेल.”

गोष्टीचा उगम कोणीच सिद्ध करू शकत नाही, आणि मीही ते पुराव्यासारखं सांगणार नाही. पण तिच्यातला चमत्कार नेमका कुठे आहे ते मला त्या दुपारी कळलं, आणि तेव्हापासून मी ती सांगताना आधी मातीच्या आटण्याबद्दल सांगते.

बाहेर आलो तर पाऊस वाढला होता. संग्रहालयाच्या आवारात अलात्री गावच्या देवळाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, १८८९-९० मध्ये बांधलेली. आम्ही तिच्या मंडपात शिरलो. एट्रुस्कन-इटालिक देवळाचं छप्पर भिंतींच्या बरंच पुढे येतं आणि लाकडी तुळयांवर भाजलेल्या मातीच्या रंगीत फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. पुस्तकात त्यांना सजावट म्हणतात. पागोळ्या समोर गळत असताना त्या फळ्या लाकूड भिजू नये म्हणून आहेत हे कोकणातल्या माणसाला सांगायची गरज पडली नाही.

“मग वेईचं काय झालं?” काकूंनी विचारलं.

इ.स.पू. ३९६ मध्ये रोमने ते जिंकून घेतलं. इ.स.पू. २९६ मध्ये ज्युपिटरच्या शिखरावर काशाचा रथ बसवला गेला. जिंकलेल्या ग्रीक शहरांतून संगमरवरी मूर्ती येऊ लागल्या, आणि इ.स.पू. १९५ च्या सुमाराला केटो या रोमन पुढाऱ्याला भर सभेत तक्रार करावी लागली की लोक आता आपल्या देवांच्या मातीच्या शोभेला हसतात. लिव्ही या रोमन इतिहासकाराने ते भाषण आपल्या ग्रंथात दिलं आहे. जुनं देऊळ इ.स.पू. ८३ मध्ये जळालं. केटोची ती तक्रार वाचताना मला अजूनही वाईट वाटतं. ज्या हातांनी या शहराला त्याचा पहिला मोठा देव दिला, त्यांच्या कामाला दोन-तीनशे वर्षांत गावंढळ ठरवलं गेलं.

काकांना वेईला जायचं होतं. रोमपासून ते फार लांब नाही, पण सकाळी आठला बस फ्लॉरेन्सला निघणार होती. मग मी काकूंच्या डायरीत फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाचा पत्ता लिहून दिला आणि सांगितलं, तिथे अरेझ्झोचा किमेरा चुकवू नका. १५५३ मध्ये सापडलेला काशाचा एट्रुस्कन पशू, सिंहाचं धड, पाठीतून उगवलेलं बकऱ्याचं डोकं आणि सापाची शेपूट. याहून जास्त काही सांगायला वेळच नव्हता, ट्राम आली.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. आवाज उत्साहाने भरलेला. आयाळीच्या एकेका केसाबद्दल बोलले, जखमेतून ओघळणाऱ्या रक्ताबद्दल बोलले. मग म्हणाले, “पण ताई, ती शेपूट त्या हातची नाही. साप बकऱ्याचं शिंग कशाला चावेल? समोर शत्रू असेल त्याच्यावर फणा काढेल.”

शेपूट १७८५ मध्ये बसवलेली आहे, आणि अभ्यासकांचाही आक्षेप तोच आहे. मी ते सांगितल्यावर पलीकडून काकूंचा आवाज आला, “सकाळपासून हेच चाललंय ह्यांचं, आता जेवायला येतील.”