दहा टोले

तोक्योत आम्ही आठ दिवस होतो आणि त्यांतले साडेसात दिवस सर्वांचे जातात तसेच गेले: देवळे पाहिली, चालून चालून पायांचे तुकडे पडले, आणि फुजी पर्वत ढगांनी झाकलेला असल्यामुळे फक्त त्याची दिशा पाहिली. मला लिहायचे आहे ते उरलेल्या अर्ध्या दिवसाबद्दल. त्या संध्याकाळी माझी भाची मला महिलांच्या व्यावसायिक कुस्तीला घेऊन गेली आणि मी तिथे, खरे सांगायचे तर, मनातल्या मनात हसायच्या तयारीने गेले होते.

सुइदोबाशी स्थानकापासून चार पावलांवर, तोक्यो डोमच्या भल्यामोठ्या घुमटाला लागून, कोराकुएन हॉल आहे. १९६२ साली मुष्टियुद्धासाठी उघडलेला हा हॉल इमारतीच्या पाचव्या मजल्यावर आहे. लिफ्टपुढची रांग पाहून आम्ही जिना धरला, तर त्याच्या भिंती वर्षानुवर्षांच्या चाहत्यांनी लिहून लिहून पार काळ्या केलेल्या. जपानी माणूस भिंतीवर लिहीत नाही, ही माझी समजूत तिथेच संपली. आतल्या खुर्च्या इतक्या दाटीने मांडलेल्या होत्या की माझे गुडघे पुढच्या गृहस्थांच्या पाठीला लागत होते आणि दर पाच मिनिटांनी आम्ही दोघे एकमेकांची क्षमा मागत होतो.

निकाल आधीच ठरलेला असतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असते. आपल्याकडे अशा कुस्तीला लुटुपुटूची म्हणून मोडीत काढतात आणि मीही भाचीला तेच म्हणाले. ती म्हणाली, "मावशी, तू आवाज ऐक." आखाड्याच्या पातळ गादीखाली लाकडी फळ्या असतात, त्यांवर साठ किलोचे शरीर पाठीवर आदळते तेव्हा येणारा आवाज आपल्या बरगड्यांत शिरतो. तिसऱ्या लढतीत एकीने दुसरीच्या छातीवर उघड्या हाताने सात-आठ तडाखे दिले. आम्ही चौथ्या रांगेत होतो आणि तिथूनही त्या मुलीच्या कातडीवर उमटलेली बोटे मला मोजता येत होती. कोण जिंकणार हे ठरलेले असेल, पण ती बोटे काही लुटुपुटूची नव्हती.

माझ्या डाव्या हाताला पन्नाशी ओलांडलेली एक बाई एकटीच आली होती. शेवटची लढत एका खेळाडूच्या निवृत्तीची आहे, असे तिने भाचीला सांगितले आणि पिशवीतून रंगीत कागदी फितींची गुंडाळी काढून माझ्या हातात ठेवली. खेळाडूचे नाव पुकारले की या फिती आखाड्यात फेकायच्या असतात. पण त्याआधी गुंडाळीच्या मधली पुठ्ठ्याची नळी काढून टाकावी लागते, नाहीतर ती खेळाडूला लागते. तिने अंगठ्याने नळी अलगद बाहेर ढकलून दाखवली. माझ्या हातून दोन गुंडाळ्या सुटून मांडीवर पसरल्या; तिने त्या न बोलता पुन्हा गुंडाळून दिल्या.

मध्यंतरात ती बोलू लागली आणि भाची मराठीत सांगत गेली. १९८५ साली ती पंधरा वर्षांची होती. चिगुसा नागायो आणि लायनेस असुका यांच्या 'क्रश गॅल्स' या जोडीने तेव्हा जपानमधल्या शाळकरी मुलींना अक्षरशः वेड लावले होते. त्या वर्षी २८ ऑगस्टला ओसाकात डंप मात्सुमोतोकडून हरल्यावर अटीप्रमाणे नागायोचे डोके भर आखाड्यात भादरले गेले आणि प्रेक्षकांतल्या मुली धाय मोकलून रडल्या. ही घरी दूरचित्रवाणी संचासमोर रडली. मग हिने कुस्तीगीर होण्यासाठी दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा उंचीत कमी पडली.

१९६८ साली स्थापन झालेल्या आणि २००५ साली बंद पडलेल्या 'ऑल जपान विमेन्स' या, नागायो जिथे लढायची त्या कुस्ती कंपनीचे मुलींसाठी तीन निषेध होते: दारू नको, सिगारेट नको, पुरुष नको. शिवाय पंचविशी उलटली की निवृत्ती. पंधराव्या वर्षी घर सोडायचे, हाडे मोडून घ्यायची, आणि ज्या वयात अंगात खरी ताकद येते त्या वयात घरी जायचे, हा हिशेब कुणाच्या सोयीचा होता हे सांगायला नको. नागायो १९८९ साली निवृत्त झाली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. पुढे १९९३ साली ती परतली आणि स्वतःची संस्थाही काढली, पण शेजारीण अडकली होती ती १९८९ मध्येच. "तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते," ती म्हणाली, "आणि मला एकाएकी म्हातारी झाल्यासारखे वाटले."

तेव्हा मुलींच्या किंकाळ्यांनी भरणारे हे हॉल आता पुरुषांनी भरतात. आमच्या आजूबाजूला हातभर लांब भिंगांचे कॅमेरे घेतलेले मध्यमवयीन गृहस्थ बसले होते. त्यांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही, पण दर पकडीला होणारा तो खटखटाट मला शेवटपर्यंत सहन झाला नाही. मी मात्र फुकट आले नव्हते, मीही तिकीट काढूनच पाहत होते, हे तेव्हा मला सुचले नाही.

निवृत्त होणारी मुलगी एकोणतीस वर्षांची होती. वयाचा तो नियम आता नाही. तिला खांद्याने थांबवले होते. लढत ती हरली. मग सगळे दिवे तिच्यावर आले, हॉल उभा राहिला आणि घंटेचे दहा टोले सावकाश पडले. त्या वेळात एकही कॅमेरा वाजला नाही. दहाव्या टोल्यानंतर निवेदकाने तिचे नाव शेवटचे पुकारले आणि चारी बाजूंनी जांभळ्या फिती उडाल्या. माझी गुंडाळी उलगडलीच नाही. ती पुढच्या गृहस्थांच्या टकलावर जाऊन पडली आणि आम्ही पुन्हा एकमेकांची क्षमा मागितली. आखाड्याभोवती उभ्या असलेल्या नवशिक्या मुली, त्यांतली एखादी सोळा वर्षांचीही नसेल, लगोलग वाकून ते जांभळे ढीग कवेत भरू लागल्या.

बाहेर पडताना पाहिले तर तीच मुलगी दालनातल्या घडीच्या टेबलामागे बसून आपली छायाचित्रे विकत होती. खांद्यावर बर्फाची पिशवी प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदाने गुंडाळलेली होती आणि सही करताना ती उजव्या हाताचे कोपर डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवत होती. रांगेत चाळीसएक माणसे होती. आमची पाळी आली तेव्हा तिने माझे नाव दोनदा विचारून जपानी लिपीत लिहिले आणि छायाचित्र दोन्ही हातांनी पुढे केले. उद्यापासून काय करणार, असे माझ्या आग्रहावरून भाचीने तिला विचारले. आधी खांद्याची शस्त्रक्रिया, ती म्हणाली, आणि मग काम शोधायचे. शाळा अर्धवट सोडली होती, त्यामुळे जरा अवघड आहे. हे सांगतानाही ती हसतच होती. मला आणखी विचारायचे होते, पण मागच्या माणसाने पैसे हातात काढून ठेवले होते, म्हणून आम्ही पुढे सरकलो.