दोन मिलिग्रॅम

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज पुतण्याने मला गप्प केलं. दुपारी त्याच्या बॅगेत वेप सापडलं, आंब्याच्या वासाचं. वहिनींनी ते माझ्यापुढे ठेवलं, "भाऊजी, आता तुम्हीच बोला याच्याशी." २०१९ पासून ई-सिगारेट विकायलाच बंदी आहे, पण इंदुरात काय मिळत नाही! मी आवाज चढवला. वय १९, पठ्ठ्या शांतपणे म्हणाला, "काका, यात धूर नाही, डांबर नाही. नुसतं निकोटीन. तुम्हीही तेच चघळता ना?"

खिशात दोन मिलिग्रॅमच्या निकोटीन गमची पट्टी होतीच. सिगारेट सोडून चौदा महिने झाले, गम सुटलेला नाही.

त्याचं अर्धं खरंच आहे. माणूस मरतो तो मुख्यतः धुरामुळे: डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कॅन्सर करणारी ती बाकीची रसायनं. शिवाय झुरक्यातलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, गमचं मात्र गालातून हळूहळू झिरपतं, म्हणून त्याची पकडही सैल. नाडी आणि रक्तदाब वाढतो, तेवढं आहे. वीस वर्षं रोज पाकीट फुंकणाऱ्याला हा सौदा चांगलाच.

आणि फायदा? मार्चमध्ये हिशोब जुळवताना गमने डोकं चालतं असं मी सगळ्यांना सांगत आलोय. आज आजी आठवली. रोज सकाळी दातांना मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावायची. "त्याशिवाय डोकं उतरत नाही गं बाई," असं शेजारणीला सांगायची. ते डोकं मिश्रीमुळेच चढायचं, हे तिच्या कधी लक्षात आलं नाही. निकोटीन दोन तासांत रक्तातून निम्मं होतं, मन चुळबुळायला लागतं, गम ती चुळबूळ थांबवतो. त्यालाच मी एकाग्रता म्हणतोय. म्हणजे आजीचाच नातू.

संध्याकाळी पुतण्याला सराफ्यातल्या खाऊगल्लीत घेऊन गेलो. घरात बोललो असतो तर भाषणच झालं असतं. भुट्ट्याचा कीस खाता खाता त्याने मोबाइल दाखवला: निकोटीनने पार्किन्सन टळतो म्हणे. सिगारेट ओढणाऱ्यांत तो आजार कमी दिसतो, हे खरं. पण आजार नुकताच सुरू झालेल्यांना वर्षभर निकोटीनचे पॅच लावून पाहिले, तेव्हा तो काही मंदावला नाही. हेही सांगितलं. त्याने खांदे उडवले.

मग म्हटलं, "माझा गम मोजायचा तो पाकिटाच्या जागी. तुझं वेप कशाच्या जागी मोजायचं? तू तर कधी विडीही ओढली नव्हतीस." तो काही बोलला नाही. त्या वयात मेंदू अजून घडत असतो, सवय खोल रुजते, हे मी पुढे जोडलं, पण लक्ष तोवर जिलबीकडे गेलं होतं.

परतताना मात्र विचारलं, "आणि तुमचं, काका? दिवसाला किती?"

"सहा."

"मागच्या वर्षी?"

"आठ."

"वर्षात दोनच कमी?" कॉमर्सला आहे, हिशोब करणारच.